आक्कानं बांधलेलं वायरिंग

गेल्या गळिताच्या हंगामात बोरगावच्या रस्त्यावर मी उसाच्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचलो. निपाणीच्या कॉलेजात शिकवून मी रोज संध्याकाळी बोरगावला घरी जातो. त्या दिवशी नुकतंच अंधारून आलं होतं, ट्रॉलीच्या मागं लाल दिवा नव्हता आणि माझ्या जुन्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. ब्रेक लागला. ऊस बॉनेटपासून हातभर लांब राहिला. दुसऱ्याच दिवशी मी नव्या हेडलाइटची जोडी मागवली.

ती जोडी माझ्या गाडीसाठी म्हणून केलेली नव्हती. जुन्या दिव्यात एकच बल्ब आणि तीन पिना. नव्यात जवळच्या उजेडाचा बल्ब वेगळा, लांबच्या उजेडाचा वेगळा. बसवणाऱ्यानं माझ्यादेखत मूळ सॉकेट कापून टाकले, वायरींना पीळ दिला, टेप गुंडाळला आणि झालं म्हणाला. आठवड्यात डावा दिवा मंदावला. लांबचा उजेड बंद असतानाही डॅशबोर्डवरची निळी खूण मिणमिणायला लागली. स्टिअरिंगजवळची दिव्याची दांडी गरम व्हायची आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा. बसवणाऱ्यानं बल्ब बदलायला सांगितलं. बदलले. फरक काही पडला नाही.

रविवारी येळ्ळूरला गेलो. तिथं आमच्या मूळ घरी माझी थोरली बहीण, आक्का, राहते. ती बावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होती. पहाटे भाकऱ्या करून पहिल्या बसनं जायची. कारखाना बंद पडल्यापासून शेत आणि एक म्हैस बघते. ती कंपनीत जाते, एवढंच मला माहीत होतं. माझ्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांनी विचारलं तेव्हाही मी तेवढंच सांगितलं होतं.

चहा पिताना सहज दिव्यांचं रडगाणं सांगितलं. आक्कानं कप खाली ठेवला आणि बॉनेट उघडायला लावलं. टेप सोलून ती बराच वेळ आत बघत राहिली.

"ह्येला अर्थिंगच न्हाय रं," ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. अर्थिंगची वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूनं आवळली होती. रंगातून करंट जात नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून उलटा वाट काढतो आणि ती निळी खूण उगाच पेटते. शिवाय नवे बल्ब जास्त करंट ओढतात आणि तो सगळा त्या दांडीतल्या बारीक स्विचमधून जातो. मी अर्थशास्त्र शिकवतो. दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

तिनं कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात वायरीच्या टोकाला पीन चिमटवायची पक्कड होती, पितळी पिना होत्या. बाकीचं सामान मला बेळगावातून आणायला पाठवलं. रिले, फ्यूज, जाड वायर, आणि कापून टाकलेल्या सॉकेटच्या जागी तसलेच दुसरे. मूळ वायरिंग आधी होतं तसं करायचं आणि त्याला कुठंही न कापता नवं जोडायचं, असा तिचा हिशोब होता. करंट थेट बॅटरीतून येणार. जुनी दांडी फक्त रिलेला, म्हणजे मोठा करंट पेलणाऱ्या त्या वेगळ्या स्विचला, इशारा देणार.

मी परत आलो तोवर तिनं गोठ्यातली एक फळी सोप्यात आणून तिच्यावर खिळे ठोकले होते. गाडीत वायर कुठं वळते, कुठं फुटते, त्या मापानं. त्या खिळ्यांमधून ती एकेक वायर ओढत गेली. कारखान्यात असंच करायचो, म्हणाली. प्रत्येक टोकाला तिनं कागदाची चिठ्ठी बांधली: डाव्याला 'एड', उजव्याला 'बल'. तिथला सुपरवायझर कानडीतच शिकवायचा, त्यामुळं वायरी हातात आल्या की तिचं डावं-उजवं कानडीतच चालायचं. ती धर म्हणेल ते मी धरत होतो. तिची बोटं इतकी भराभर चालतात हे मी आजवर फक्त ती भाकरी थापताना पाहिलं होतं.

शेवटी ते सगळं गाडीत बसवून तिनं पत्र्यावरचा रंग कानशीनं घासून लखलखीत केला आणि अर्थिंग आवळलं. दोन्ही दिवे सारखे लागले. निळी खूण विझलेली राहिली. मग गाडी भिंतीसमोर उभी करून तिनं खडूनं आडवी रेघ मारली आणि उजेड त्या रेघेखाली येईपर्यंत दिव्यांचे स्क्रू फिरवत बसली. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो जायला नको, म्हणाली.

 ती हात पुसत दिव्यांकडं बघत होती.

"बावीस वर्सं हार्नेस बांधले," ती म्हणाली. वायरींच्या अशा बांधलेल्या जुडीला कारखान्यात हार्नेस म्हणतात. "खोक्यात भरून जायचे. त्येच्यावर गाडीत दिवा पेटलेला एकदाबी बघितला न्हवता."

दिवस मावळून अंधार पडत होता. मी तिला शेजारच्या सीटवर बसवलं आणि शेताच्या रस्त्यानं गाडी घेतली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली होती. बांधावरची बाभूळ, पाण्याचा पाट, लांबवर कुणाचं तरी खोपट, सगळं एकेक करून उजेडात येत होतं.  मधेच एकदा आक्कानं हात पुढं करून दिव्याची ती दांडी चाचपली, गार आहे का ते बघितलं, आणि हात परत मांडीवर ठेवला.