वाणात लुटलेली कादंबरी

गेल्या आठवड्यात आमच्या एव्हरशाईन सोसायटीतल्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं... आणि वाण म्हणून चक्क माझी स्वतःची कादंबरी लुटली! नवरा म्हणाला, बायकांना डबे आवडतात. म्हटलं, आवडू देत.

त्याला कारण होतं. सतरा वर्षांची अनघा आणि तिची आई, दोघींची ही कादंबरी. आमच्या प्रकाशकांचा हट्ट, की दुसऱ्या आवृत्तीत आईची प्रकरणं गाळायची आणि कव्हरवर 'कुमार कादंबरी' छापायचं... नाहीतर म्हणे दुकानदार पुस्तक ठेवणार कुठे? अहो, मायलेकी काय वेगवेगळ्या कपाटांत राहतात? सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

माझा माझ्या पुस्तकावर भरवसा आहे, लाजायचं कशाला! म्हटलं, मोठे वाचक आपणच शोधू.

पण बायकांनी कव्हरवरची सायकलवाली मुलगी बघितली आणि एकजात म्हणाल्या, छान आहे, लेकीला देते. माझा नुसता तिळपापड... म्हणजे प्रकाशकच बरोबर?

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी आल्या. हातात कादंबरी, डोळे रडून सुजलेले. त्यांची सई बारावी सायन्सला, दोन महिने घरात धड बोलत नव्हती.

त्यांनी एक पान उघडून दाखवलं. त्या पानावर अनघा आईला सांगते, की मला डॉक्टर व्हायचं नाही. तिथे सईची चिठ्ठी होती... 'आई, हे वाच. मला तोंडानं सांगता येत नाहीये.'

मी त्यांना आधी बसवलं आणि चहा टाकायला उठले.

"पुढचं आईचं प्रकरण मी काल दोनदा वाचलं," वहिनी म्हणाल्या. "मलापण तोंडानं जमणार नाही. म्हणून त्यात माझी चिठ्ठी ठेवलीय."

सई क्लासवरून यायच्या आत पुस्तक तिच्या टेबलावर ठेवायचं होतं, म्हणून चहाही न घेता गेल्या. त्यांची चिठ्ठी मी वाचली नाही... ती माझ्यासाठी नव्हतीच.

सोमवारची वाट कोण बघतंय! लगेच प्रकाशकांना फोन लावला. एकही प्रकरण गाळायचं नाही आणि 'कुमार' वगैरे काही छापायचं नाही, असं ठणकावून सांगितलं. कुरकुरले, पण ऐकलं.

(दोघींना विचारून लिहितेय, नावं बदललीत.)

इतके दिवस मला वाटायचं, ती प्रकरणं मी निव्वळ माझ्या हट्टापायी राखतेय. एका आईला लेकीशी बोलायला ती लागणार होती... राखली, फार बरं झालं.