घेणार कोण, राहणार कोण?

पुण्यात घर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला घर मिळो न मिळो, गोष्टी मात्र पोतंभर मिळतात! मी जवळजवळ वर्षभर हिंडलो. पाहिलेली घरं आता नीट आठवतही नाहीत, पण ऐकलेले किस्से काही केल्या विसरत नाहीत. त्यांतले बरेचसे अंतोबांचे. काही तर माझ्या डोळ्यांसमोर घडलेले.

अंतोबा खरेदीखतं लिहितात. घर, मळा, परडं, काहीही विकायचं-घ्यायचं असलं की कोतवालाच्या चावडीत शिक्का होण्याआधी कागद कुणीतरी नीट लिहावा लागतो. विकणारा खरा मालक आहे की नाही, तेही पाहावं लागतं. पुण्यात हे काम करणारे गल्लोगल्ली बसलेत. अंतोबांचं वेगळेपण एवढंच, की त्यांच्याकडे गेलेले निम्मे लोक घर न घेताच परत येतात. आणि वर त्यांचे आभार मानतात!

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या गरजेनं. मी सरकारी दफ्तरात कारकून, भाड्याच्या बिऱ्हाडात राहणारा. ही आजारी पडली तेव्हा तिची आई शुश्रूषेला आमच्याकडे आली. ही गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. सासूबाई आल्या त्या स्वतःचा शिधा घेऊन. लेकीला मूलबाळ नाही, तेव्हा तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा त्यांचा नेम. चूलही वेगळी मांडली. ही होती तेव्हा मला काही सांगायचं असलं की त्या तिला सांगत. आता दाराच्या चौकटीला सांगतात.

एकदा चौकटीला म्हणाल्या, "वर्षश्राद्ध झालं की मी कोकणात चुलतभावाकडे निघाले. जावयाच्या घरी राहायला मला काय कारण आहे?"

त्या चुलतभावाचं पत्र मी वाचलं होतं. 'यावे' असं त्यात कुठंच नव्हतं. म्हणून मी ठरवलं, वर्षाच्या आत घर घ्यायचं. दोन चुली, दोन दारं असलेलं. मग त्या राहतीलही.

अंतोबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "घेणार कोण?"

"मी."

"राहणार कोण?"

"सासूबाई. आणि मी."

"मग जरा विचार करून या," म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले!

*

खरेदीखत लिहिणारा निवडावा कसा, याबद्दल आमच्या पेठेतल्या एका शास्त्रीबुवांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. त्यांनी घर घेतलं तेव्हा लेखक निवडला तो अक्षरावरून. अक्षर खरोखरच मोत्यासारखं. आल्यागेल्याला ते खरेदीखत काढून दाखवत. लोक "वाहवा" म्हणत. वाचलं मात्र कुणीच नाही, शास्त्रीबुवांनीसुद्धा नाही.

घरात राहायला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे घर विकणारा गृहस्थ सोवळं नेसून दारात हजर! देवघर आणि त्यातली पूजा त्यानं स्वतःकडे राखून ठेवली होती. खरेदीखतात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, मोत्यासारख्या अक्षरात. तेव्हापासून तो रोज येतो, घंटा वाजवतो आणि जाताना शास्त्रीबुवांच्या बायकोला ऐकवतो, "आज नैवेद्याला उशीर झाला हं."

पुढे शास्त्रीबुवांना मुलासाठी शेजारची जागा घ्यायची होती. ते पोळलेले. अंतोबांकडे आले, पण सवय जाते कुठं? पहिला प्रश्न, "आपलं अक्षर कसं आहे?"

"वाईट आहे."

"अरेरे!"

"अरेरे काय? म्हणूनच लोक माझा कागद दोनदा वाचतात!"

*

अंतोबा कागद पाहायच्या आधी शेजार पाहतात. घर घ्यायचं असेल त्याच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि प्यायला पाणी मागायचं, ही त्यांची रीत.

एका रेशीमवाल्या व्यापाऱ्यासाठी ते असेच जाऊन आले आणि म्हणाले, "घेऊ नका."

"का? मालक खोटा आहे?"

"मालक खरा आहे. पण शेजाऱ्यानं पाणी द्यायच्या आधी मी कुणाकडून आलो ते विचारलं. मी सांगितलं. मग पाणी आलंच नाही."

व्यापारी हसला. एवढ्यासाठी कुणी घर सोडतं होय? त्यानं दुसऱ्याकडून कागद करून घेतला. पावसाळा लागला आणि त्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडू लागल्या. शेजाऱ्यानं आधी शिव्या दिल्या, मग तक्रार केली, मग एक दिवस माणसं लावून पागोळ्यांखाली भिंत उभी केली. सगळं पाणी उलटं व्यापाऱ्याच्या पेढीत! रेशमाचे गठ्ठे भिजले.

तो धावत अंतोबांच्या ओट्यावर आला. घाम पुसत सांगू लागला. अंतोबांनी त्याला थांबवलं, आत हाक मारली आणि भरलेला तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"आधी पाणी घ्या. तिकडं मिळत नसेल."

पण त्याच दिवशी ते शेजाऱ्याकडे गेले आणि दिवेलागणीपर्यंत त्या ओट्यावर बसून राहिले. काय बोलले, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. भिंत मात्र निघाली.

*

बिबवेवाडीच्या मळ्याची गोष्ट मी स्वतः हजर असताना घडली. शहरातल्या एका इनामदारांनी मळा घ्यायचा ठरवला. त्यांच्या कारभाऱ्यानं जुन्या कागदावरून घरबसल्या नवा कागद तयार केला. इनामदारांच्या वाड्यावर अंतोबांना फक्त साक्षीला बोलावलं होतं, मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. विकणारा शेतकरी समोर बसला होता.

कारभारी ऐटीत वाचत होता, "पूर्वेस आंब्याचा वृक्ष."

शेतकरी म्हणाला, "व्हता."

"म्हणजे?"

"आवंदा वावटळीत पडला न्हवं का!"

कारभाऱ्यानं घसा साफ केला. "पश्चिमेस ओढा."

"वढा हाय. पर आता तो पल्याडच्या अंगानं जातो."

इनामदारांचा चेहरा उतरला. अंतोबांनी शांतपणे विचारलं, "जमीन तरी जागेवर आहे ना?"

"ती हाय की! फकस्त कुठनं कुठवर, त्येवढं इचारू नका."

सगळे हसले. अंतोबाही हसले, पण पागोटं सावरून उठले आणि सगळ्यांना घेऊन भर उन्हात बिबवेवाडीला चालत निघाले. इनामदारांसकट! शेजारचे शेतकरी बोलावले, प्रत्येकाच्या तोंडून हद्द वदवून घेतली, धोंडे रोवले. संध्याकाळी परतताना इनामदार लंगडत होते.

"अंतोबा, तुम्ही तर नुसते साक्षीला आला होता."

"हो ना," अंतोबा म्हणाले. "न पाहिलेल्याची साक्ष द्यायची म्हणजे पंचाईत होते."

*

आता माझ्या घरांविषयी.

पहिलं घर मला फार आवडलं होतं. हौद हाकेच्या अंतरावर, कात्रजचं गोड पाणी बारमाही. दोन चुलींची सोय. अंतोबांनी घर आतून पाहिलं, मान डोलावली आणि मालकाला म्हणाले, "आता जरा आम्हांला रस्त्यापर्यंत सोडा."

मालक निघाला. एका अंगणातून गेला, मग दुसऱ्या. दुसऱ्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ जपमाळ ओढत बसले होते. त्यांना मालकानं वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी पाय जरा आखडून वाट दिली.

"रोज असंच?" अंतोबांनी विचारलं.

"त्यांचा स्वभाव चांगला आहे," मालक म्हणाला.

"आणि त्यांच्या मुलाचा?"

मालक भराभर पुढे चालू लागला.

रस्त्यावर आल्यावर अंतोबा मला म्हणाले, "घर उत्तम आहे. फक्त जन्म आतच घ्यावा लागेल!"

*

दुसरं घर नारायण पेठेतलं. विकणारे दोघे भाऊ. वागायला सभ्य, कागद चोख, रस्ता सरळ, आणि शेजाऱ्यानं तर पाण्याबरोबर गूळही दिला. मी मनातल्या मनात दोन्ही चुली मांडूनसुद्धा टाकल्या. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलं होतं. सासूबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं होतं.

थोरला भाऊ सहज बोलून गेला, "तिसरा भाऊ होता आमचा. फौजेबरोबर उत्तरेत हिंदुस्थानात गेला, तो गेलाच. कित्येक वर्षं झाली, निरोप नाही. आता कसला येतो?"

"त्याचं क्रियाकर्म केलंत?"

"ते राहिलंय. पण लोकांना सगळं ठाऊक आहे."

अंतोबांनी अंगणाकडे नजर टाकली. मग म्हणाले, "मघाशी तुळशीला पाणी घालत होत्या, त्या कोण?"

"त्याचीच बायको."

"त्यांच्या कपाळावर कुंकू आहे."

भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. धाकटा जरा चिडून म्हणाला, "बाईच्या कुंकवावरून का कुणी खरेदीखत अडवतं?"

"नाही अडवत. तुम्ही आत जाऊन त्यांना ते पुसायला सांगा. मी इथे थांबतो. पुसलं की कागद लिहितो."

दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

आम्ही निघालो. घर माझ्या हातचं गेलं होतं, पण त्या दिवशी मला अंतोबांच्या बरोबरीनं चालतानाही संकोच वाटत होता, इतका तो माणूस मला मोठा वाटला. ती बाईसुद्धा मी पाहिली होती. मला फक्त तुळशीवृंदावन दिसलं होतं, आणि ते सासूबाईंना आवडेल असं वाटलं होतं.

*

तिसऱ्या घराला त्यांनी नकार दिला तेव्हा मात्र माझा धीर सुटला. श्राद्ध तोंडावर आलेलं. मी ओट्यावर चारचौघांत म्हणालो, "अंतोबा, घर मला घ्यायचंय की तुम्हाला?"

"तेच अजून ठरलेलं नाही," ते म्हणाले.

ओट्यावरचे सगळे हसले. मी उठून आलो आणि पुढे काही दिवस तिकडे फिरकलो नाही.

सासूबाईंनी मात्र एका संध्याकाळी चौकटीला विचारलं, "ते अंतोबा माणूस कसे आहेत?"

मी रागात होतो, तरी खोटं बोलवेना. "त्यांच्यासारखा माणूस पुण्यात नाही," म्हणालो.

*

श्राद्ध झालं. गाठोडं दाराशी येऊन बसलं. कोकणात उतरणाऱ्या बैलांच्या तांड्याची सोबत चार दिवसांनी मिळणार होती. त्यातच दफ्तरात अंतोबांचा निरोप आला. 'शुक्रवार पेठेत एक खरेदी आहे. साक्षीदार कमी पडतो. यावे.'

जावंसं वाटत नव्हतं. पण त्या माणसाला नाही म्हणवेना.

घर लहानसंच होतं. पुढे ओटा, मध्ये माजघर, मागे एक स्वतंत्र सोपा, एका माणसाला राहण्याजोगी पडवी. ओट्यावर विकणारा, दोन्ही बाजूंचे शेजारी आणि चावडीचा कारकून बसले होते. अंतोबांनी मला बसायला जागा दिली. घेणारा माणूस कुठं दिसेना. मला काय त्याचं!

अंतोबा त्यांच्या त्या वाईट अक्षरातला कागद वाचू लागले. चारही बाजूंना काय काय आहे, ते वाचलं. पागोळ्या कुणाच्या, रस्ता कुणाचा, परडं कुणाचं, तेही वाचलं. मग घेणाऱ्याचं नाव आलं. "उमाबाई..."

सासूबाईंचं नाव मी चारचौघांत मोठ्यानं उच्चारलेलं कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळं क्षणभर ते मला ओळखूच आलं नाही.

"...यांनी आपले स्त्रीधन मोडून, स्वसंतोषे, हे घर खरेदी घेतले."

कारकुनानं विचारलं, "कुणाची हरकत?"

शेजाऱ्यांनी माना हलवल्या. अंतोबा माझ्याकडे पाहत होते. मी साक्ष घातली. अक्षर त्यांच्यापेक्षाही वाईट आलं.

कारकून शिक्का काढत होता तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला.

"अंतोबा, कागद झाला असेल तर एक काम आणखी आहे."

"बोला, बाई."

"मागचा सोपा भाड्यानं द्यायचाय. बिऱ्हाडकरू पाहून द्या. सरकारी दफ्तरातला असला तरी चालेल, एकटा असला तरी चालेल. भाड्याची मला घाई नाही. पण रात्री जेवायला वेळेवर आलं पाहिजे. दोनदा वाढायला मी बसणार नाही."