चहाआधीची माफी

मी लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. वडील पूर्वीच्या दरबारच्या पागेत घोड्यांना दाणा घालायचे आणि घरात काही लिहायची वेळ आली की शेजारच्या मास्तरांना बोलावणं जायचं. त्यातून मी हिंदू, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते इंदूरचे माझे घरमालक ख्रिस्ती. त्यांच्या धर्मातलं माझ्याकडून काही चुकलं तर ते मला माफ करतील. नुसते माफ करणार नाहीत, वर माझे आभार मानतील. कारण माफ करण्याची इतकी हौस असलेला माणूस अख्ख्या इंदुरात झाला नाही, आणि माफ करण्याजोगं काही न मिळाल्यामुळे इतका अडचणीत आलेला माणूस तर जगात दुसरा नसेल.

या घरमालकांना मी काका म्हणायचो. काकांचा नियम असा की सकाळचा चहा घेण्याआधी कुणा एकाला तरी मनापासून क्षमा करायची. बायबल ते वाचायचेच, पण म्हणायचे, "वाचणं आसान आहे रे. वापरायचं कधी?" मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी घ्यायला होते तोवर काही अडत नव्हतं. उशिरा येऊन वर यांनाच शिव्या घालणारे कामगार भरपूर होते; एका सकाळी दोघांना माफ केलं तरी उद्यासाठी चौघे शिल्लक. पण नोकरी संपली. पत्नी आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. मध्यप्रदेश नवा नवा झाला तसं ओळखीतली मराठी माणसं एकेक करत पुण्याकडे, नगरकडे निघून गेली. इंदूरच्या छावणी भागातल्या त्या घरात काकांशी वाईट वागायला कुणी उरलंच नाही. चहा मात्र रोज उकळायचा. मी कॉलेजला निघायचो तरी ते ओट्यावर बशीनं झाकलेला कप घेऊन कुणाचा तरी अपराध आठवत बसलेले असत.

त्यांची पहिली आशा दूधवाल्यावर होती. तो दुधात पाणी घालतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकांनी एकदा दारातच त्याला सांगून टाकलं की पाणी घातलं असेल तर माफ आहे, उद्या घालशील तेही माफ. तो बिचारा मालव्यातला सरळ माणूस. "म्हने शरम आवे, बाबूजी," असं लाजून म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त काकांना निर्भेळ दूध देऊ लागला. काकांचा हक्काचा अपराधी गेला. मग अंगणातल्या पेरूवर भिस्त ठेवली. पोरांनी चोरावेत म्हणून फाटक उघडं ठेवलं. पण न राहवून स्वतःच पोरांना हाका मारून पेरू वाटले, त्यामुळे तीही चोरी राहिली नाही. राहिलो मी. माझ्या हातून अपराध म्हणजे काय होणार? मी बादली ठेवतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून जपायचो. एकदा त्यांचा कप माझ्याकडून फुटला, तेव्हा त्यांच्या तोंडावर आलेला आनंद मी विसरणार नाही. नंतर मात्र आठवडाभर मी काही फोडलं नाही तेव्हा वैतागून म्हणाले, "तू भी ना भिया, काही कामाचा नाहीस."

रविवारी मी त्यांच्याबरोबर चर्चला जायचो. धर्माबिर्माचं काही नव्हतं. रविवारी माझ्या खोलीत फार शांत वाटायचं आणि पलीकडे त्यांच्या खोलीतही तितकंच शांत असायचं, म्हणून. महिन्यातून एकदा तिथे प्रभुभोजन असे. येशूची आठवण म्हणून सगळे पुढे जाऊन पावाचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेत. त्या वेळी काका टोपी उचलून बाहेर जात आणि चिंचेखाली उभे राहत. मला वाटायचं, पाणी प्यायला जात असतील. शेवटी एकदा विचारलं.

"मला घेता येत नाही," ते म्हणाले. "मनात एक माणूस अडकलाय. आधी त्याच्याशी मिटवायचं, मग तिथे जायचं."

तो माणूस म्हणजे त्यांचा जुना मित्र. चर्चमध्ये पेटी वाजवायचा आणि काका भजनमंडळाचे प्रमुख. एका नाताळला त्याची लय रेंगाळू लागली. भर उपासनेत काका उठले, "देवाला ताटकळत ठेवतोस काय?" म्हणाले आणि त्याच्या पुढ्यातली पेटी ओढून दुसऱ्याला दिली. मित्राची बायको जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तो पुढे जालन्याला निघून गेला.

मला हे सगळं सोपं वाटलं. म्हटलं, "काका, रोज एवढ्यांना माफ करता, त्यालाही करून टाका."

"त्याला कशाबद्दल करू? चूक माझी होती."

"मग रोज सकाळी हे..."

"जे जमतं ते करतो रे," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दुसरा सराव सुरू केला, जालन्याला जाऊन माफी मागण्याचा. संध्याकाळी मला खुर्चीत बसवायचं. मी तो मित्र. काका टोपी हातात घेऊन दारातून आत येत आणि "काय, बरा आहेस ना?" याच्या पुढे गाडी सरकत नसे. कधी हवापाण्यावर जात, कधी रेल्वेच्या गर्दीवर. एकदा कसंबसं "त्या नाताळला मी" इथवर आले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पटकन म्हणालो, "जाऊ द्या काका, झालं गेलं." ते खाली बसले. "तू फार लवकर माफ करतोस," म्हणाले. "तो असा नाही."

मी बी. ए. झालो आणि शाजापूरला शाळेत लागलो. तोवर ते जालन्याला गेले नव्हते. निरोप घ्यायला गेलो तेव्हा उन्हाळ्यात नक्की जाणार म्हणाले, आणि लगेच मला पेरू आणायला अंगणात गेले.

परवा देवासच्या मोटार स्टँडवर त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, भेटले. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. काका खंडवा, मनमाड करत एकटे जालन्याला गेले. मित्रानं आत बोलावलं नाही. काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं बोलून घेतलं. मित्र म्हणाला, "ऐकलं. आता जा." बस, इतकंच. दुसऱ्या गाडीनं ते परत आले.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला सगळ्यांच्या शेवटी काकाही पुढे येऊन उभे राहिले. पाळकांनी हळूच विचारलं, मिटलं का?

"त्याच्याकडून नाही," काका म्हणाले. "माझ्याकडून मागून झालं."

पाळकांनी त्यांच्या हातावर पाव ठेवला. उपासना संपली, लोक आपापल्या घरी गेले, दिवे मालवायला माणूस आला तरी काका बाकावर होते. घरी जायचं नाही का, असं पाळकांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "थोडं बसू द्या साहेब. पुष्कळ वर्षांनी आत बसलोय."