तांब्यात उरलेलं पाणी
मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचं चायनीज एल्मचं बोन्साय माझ्याकडं सोपवून गेली. चार वर्षं तारा बांधून, फांद्या छाटून तिनं त्याला वळण लावलं होतं. जाताना म्हणाली, "बाबा, ते गॅलरीतच राहू द्या."

पण एप्रिलमध्ये गॅलरीतला थर्मामीटर एक्केचाळीस दाखवू लागला आणि हॉलमध्ये, कूलरपाशी, एकतीस. दहा अंशांचा फरक बघून मी झाड आत आणलं, टीव्हीशेजारी ठेवलं. रोज सकाळी मोजून शंभर मिली पाणी घालायचो आणि वहीत नोंद करायचो.

तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडून गळू लागली. सोमवारी अकरा, मंगळवारी चौदा, बुधवारी तेवीस. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन झाडाच्या हिरव्या बाजूला धरायचो. मेअखेर ती घरी येणार होती, आणि या वेगानं तोवर एकही पान उरणार नव्हतं.

पाणी कमी पडतंय असं वाटलं. वाढवण्याआधी कुंडी ताटलीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सकाळी, पाणी घातल्यावर, दोन किलो शंभर ग्रॅम. संध्याकाळी कामावरून आलो तर दोन किलो तीनशे साठ. किलोभर साखरेची पिशवी ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. दिवसभर घरात फक्त माझी आई असायची.

"आई, या झाडाला कुणी पाणी घातलं?"

"मीच की. रोज घालते."

"किती?"

"तांब्यात उरंल तेवढं. शिळं पाणी मोरीत वतायचं व्हय?"

आमच्याकडं नळ रोज येत नाही. पाणी मोरीत ओतलेलं मलाच खपत नाही. आई वैजापूरकडच्या दुष्काळी भागातली, उरलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालायची. गुडघे दुखायला लागले तसा तिला गॅलरीचा उंबरठा जड झाला. आणि मी एक कुंडी आणून तिच्या हाताशी ठेवली होती.

"मारलंस तू ते झाड," मी म्हणालो. नको होतं म्हणायला.

आईनं शेजारचा तांब्या उचलून मला दाखवला. मग म्हणाली, "हितं ना ऊन, ना वारं. पाणी पिनार कसं ते? म्या तरी दिसभर बसून तांब्याभर पाणी पिते का? म्हनून तर उरतं."

माझ्या वहीत उष्णता होती, पाणी होतं, गळलेली पानं होती. उजेडाचा रकानाच नव्हता.

दुसऱ्या सकाळी झाड गॅलरीत नेलं. दुपारच्या झळांसाठी हिरवी जाळी बांधली, ताटली काढून टाकली. मग आईला धरून उंबरठा ओलांडवला आणि शेजारी खुर्ची टाकली. पाणी तिनंच घालायचं ठरलं, पण आधी मातीत बोट घालून बघायचं.

मुलगी आली तेव्हा झाड अर्धं बोडकं होतं. फांद्यांवर नवे कोंब मात्र मी सतरा मोजले होते. मी सगळं सांगून टाकलं.

"बाबा, फोन रोज त्याच बाजूनं धरत होता तुम्ही," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं?"

वहीत आता मिलीचा रकाना नाही. आई सांगते ते लिहितो, ओलं किंवा कोरडं. काल तिनं "अर्धं ओलं" सांगितलं. हे नोंदवायचं कसं, यावर आमचा गॅलरीत बसून चहा गार होईपर्यंत वाद चालला.