मावशीच्या अळकुड्या

सिनान मोगाझ माझी सख्खी मावशी. लेक मोगाझ जन्मली आणि मावशीचं जुनं नाव सुटलं. आमच्या बेटावर आईबापांना पोराच्याच नावानं हाक मारतात. सिनान म्हणजे आई, श्यामान म्हणजे बाप; म्हणून तिचा नवरा श्यामान मोगाझ.

बेटाच्या दक्षिण टोकाला अणुवीजघरांचा कचरा ठेवलाय. त्याची पिंपं गंजली, तेव्हा ती बदलायला गावातलीच माणसं घेतली. श्यामान मोगाझ तीन उन्हाळे त्या कामाला गेला. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मुखवटा. उकाड्यानं जीव नकोसा झाला की मुखवटा काढून बसायचा. चार वर्षांनी रक्ताचा आजार निघाला. विमानानं समुद्रापलीकडे ताइतुंगच्या इस्पितळात नेला.

"सिगारेट ओढता?" डॉक्टरनं विचारलं.

"ओढतो की."

डॉक्टरनं तेवढंच लिहून घेतलं. पिंपांचं मावशीनं सांगितलं, ते त्यानं नुसतं ऐकलं.

"मला घरी ने," नवरा म्हणाला. "इथे मेलो तर बेट सापडायचं नाही मला."

घरी आल्यावर तो ओट्यावर पडून समुद्र बघायचा. एकदा म्हणाला, "भूत आलं तर भाला दाखवून हाकलता येतं. ह्याला काय दाखवू?"

"तुझं तोंड दाखव," मावशी म्हणाली. "पळत सुटेल."

दोघं हसली. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि मावशी उठून आत गेली.

उडत्या माशांच्या हंगामात तो गेला. माझ्या भावांनी भुतांना दूर ठेवायला चिलखतं चढवली, भाले घेतले आणि त्याला पुरून आले. त्याचा आजार कशानं झाला, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्या कचऱ्याचं विष पिकात उतरलंय का ते तपासायला दर वसंतात श्यू नावाचा सरकारी माणूस मावशीच्या पाणथळ शेतात यायचा. तीन अळकुड्या पिशवीत घालायचा, चिठ्ठी चिकटवायचा, जायचा. अकरा वर्षं मावशीनं त्याला सगळ्यात मोठ्या अळकुड्या काढून दिल्या. पाहुण्याला बारकं कसं द्यायचं? निकालाचा कागद यायचा चिनी भाषेत. मोगाझ वाचून दाखवायची, "मर्यादेच्या आत आहे."

नवरा गेल्यावरच्या वसंतात श्यू आला, तेव्हा मी तिथेच होते. मावशीनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"आधी बस. जेव."

"मावशी, मला अजून पाच शेतं करायचीत."

"माझी अळकुडी पिशवीला चालते, तुझ्या पोटाला नाही होय रे?"

तो बसला. वाफाळती अळकुडी सोलताना त्याची बोटं भाजली. त्यानं एक खाल्ली, मग आणखी एक. भूक लागली असावी.

"घरी किती खातोस?" मावशीनं विचारलं.

"महिन्यातून एखाद्या वेळी."

"मी दिवसातून तीनदा खाते. माझ्या आईनंही तीनदाच खाल्ली. मग तुमच्या कागदावरची मर्यादा कुणाच्या पोटाची?"

श्यूनं हातातली साल खाली ठेवली. "शहरातल्या माणसांच्या जेवणावरून काढलीय," तो म्हणाला. "हे कधी कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

"मी वर लिहून कळवतो."

त्यानं लिहिलं असेल. माणूस लबाड नव्हता. पुढच्या वसंतात त्याच्या जागी दुसराच आला, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशीनं त्याला बांधावरूनच परत पाठवलं.

"आई, नमुनाच दिला नाही तर कळणार कसं?" मोगाझ चिडली.

"दिला तेव्हा काय कळलं?"

त्यानंतरही मावशीनं शेत सोडलं नाही. सोडलं असतं तर पाट बुजून खालच्या बायकांची शेतं वाळली असती. ती अळकुड्या काढते आणि स्वतः खाते. नातीला, मोगाझच्या पोरीला, मात्र दुकानातला भात घालते. नातीच्या तोंडात पहिला घास अळकुडीचा घालायचा मान आजीचा असतो. तो तिनं घेतलाच नाही, आणि गावात त्यावरून कुजबूजही झाली.

परवा मी गेले तेव्हा मावशी घरामागे, भिंतीकडे तोंड करून जेवत होती. नात मागून आली.

"मला?"

"तू मोठी झालीस की देईन."

"किती मोठी?"

मावशीनं तोंडातला घास गिळला. उरलेली अळकुडी डुकरांपुढे टाकली आणि हात धुवायला गेली.