पंचनाम्यातले सात फेटे

पोलिसातल्या नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता धूसर झाली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चूक माझी होती.

वारंगा फाट्याजवळच्या शिवारात भर दुपारी कोणीतरी एका बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. झटापटीत तिचा हात मोडला. बाई तांड्यावरची, चाळिशीतली, शेतातून एकटीच घरी निघालेली. शेजारच्या शेतातल्या माणसाने लगेच नियंत्रण कक्षाला फोन केला, त्यामुळे वेळेबद्दल शंका नव्हती. दुपारचा पाऊण.

दवाखान्यात मी तिचा जबाब घेतला. "हनुवटीवर कापल्याचा वण व्हता साहेब. तोंड वळखीचं वाटलं, पर नाव न्हाई माहीत."

दोन दिवसांनी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने खबर दिली. तसा वण असलेला एक सालगडी जवळच्याच आखाड्यावर, शेतातल्या पत्र्याच्या खोलीत राहत होता. वय पन्नाशीचं, बायको-लेकरं नाहीत, कोणात मिसळणं नाही. त्याला ठाण्यात आणलं.

"त्या दिवशी दुपारी कुठं होतास?"

"खोलीवरच व्हतो."

"सोबत कोण होतं?"

"माझ्यासंगं कोन ऱ्हाईल, साहेब?"

शेतमालकाला विचारलं. तो म्हणाला, "मी बाराला आखाड्यावर गेल्तो. तिथं कोनीच नव्हतं."

गडी खोटं बोलतोय हे उघड झालं आणि माझा शोध तिथेच संपला. झडतीत मंगळसूत्र मिळालं नाही. पंचनाम्यात मी लिहिलं: पत्र्याची पेटी एक, अंगावरचे कपडे तीन जोड, रंगीत फेटे सात. नायब तहसीलदारांनी तुरुंगात ओळख परेड घेतली. वण दिसू नये म्हणून रांगेतल्या सगळ्यांच्या हनुवटीला पट्टी चिकटवली होती. तरी बाई सरळ चालत गेली आणि तिने त्याच्याच खांद्यावर हात ठेवला. मी दोषारोपपत्र पाठवून दिलं. त्याला जामीन राहायला कोणी आलं नाही. पाच महिने तो आत होता आणि एकदाही त्याला भेटायला माणूस आलं नाही.

साक्षीची तारीख जवळ आली तशी मी कागदपत्रं पुन्हा वाचायला घेतली. सात फेट्यांच्या ओळीवर थांबलो. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांना फेटे बांधतात. ज्याला गणगोत नाही, त्याच्याकडे सात फेटे आले कुठून?

न्यायालयाची परवानगी घेऊन तुरुंगात गेलो. फेट्यांचं नाव काढताच त्याने मान खाली घातली.

"औंढ्याला लग्नात गेल्तो त्या दिवशी."

"कोणाच्या?"

"माहीत न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नतिथी असली की तो लांबच्या गावाला जायचा, मंडप दिसेल तिथे शिरायचा, अक्षता टाकून पंगतीला बसायचा. मुलीकडचे त्याला मुलाकडचा समजत, मुलाकडचे मुलीकडचा.

"जेवनासाठी न्हाई साहेब. भाकर तर मी बी थापतो. पर तिथं कोनी तरी म्हनतं, या मामा, बसा. अजून घ्या."

"मग हे आधीच का नाही सांगितलंस?"

"चोर म्हनले तर न्हाई म्हनता येतं. बिनबोलावता जेवतो म्हनले तर काय म्हनावं?"

औंढ्यातलं ते मंगल कार्यालय शोधलं, मुलीच्या वडिलांना गाठलं. त्यांच्याकडच्या चित्रीकरणात तो भगवा फेटा बांधून पंगतीत पाण्याचा जग फिरवत होता, हसत होता. वडील म्हणाले, "हे तर तिकडचे मामा ना?" मूळ चित्रीकरणावरची वेळ आम्ही तपासून घेतली. पाऊण ते दीड. तिथून वारंगा फाटा तासाभराच्या वाटेवर.

बाईला जाऊन सांगितलं तेव्हा ती घाबरली. "मंग मी लबाड बोल्ले काय, साहेब?"

ती लबाड नव्हती. बाजाराच्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात हा माणूस बाकावर एकटा बसलेला असायचा. येता-जाता तिने त्याला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. भीतीच्या त्या क्षणी तोच चेहरा तिच्या मनाने चोराला लावला. 'तोंड वळखीचं' हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते पुरावा म्हणून लिहून घेतलं, ओळखीचं कशामुळे हे विचारलं नाही.

न्यायालयात मुलीच्या वडिलांची साक्ष झाली, तो निर्दोष सुटला. खरा चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी मी एकटाच होतो. त्याने एवढंच विचारलं, "त्या लग्नवाल्यांना समदं कळलं काय?"

"साक्षच त्यांची होती."

त्याने तोंड फिरवलं आणि चालू लागला.

खरं बोलणारा साक्षीदार चुकू शकतो आणि निरपराध माणूस खोटं बोलू शकतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर कोणी 'एकटाच होतो' म्हणालं की मी घाईने पुढे गेलो नाही.

निवृत्तीनंतर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन मी स्वतः आखाड्यावर गेलो. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. "येतो साहेब," म्हणाला. शेवटची पंगत उठेपर्यंत माझी नजर दाराकडे होती. तो आला नाही. आमच्या मांडवात तो कोण आहे, हे सगळ्यांना माहीत झालं असतं. तिथे त्याला कोणी नुसतं मामा म्हटलं नसतं.