विश्वेश्वर गुरुजींचं एक वाक्य

उत्तरेतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत विद्युल्लताबाईंना हल्ली 'हिरोवाली काकी' म्हणतात. त्यांना ते आवडत नाही.

त्यांचे पती विश्वेश्वर गुरुजी घाटावर श्राद्धविधी चालवत. काही वर्षांपूर्वी तिथे एका वयात येणाऱ्या मुलाच्या गोष्टीवर चित्रपट झाला. त्यात मुलाच्या थोरल्या भावाचं काम एका नवख्या नटाकडे होतं. वडिलांना तर्पण द्यायचं आणि वळून धाकट्याकडे बघायचं, एवढंच. विधी समजावायला गुरुजी बाजूला बसले होते. कॅमेरा सुरू झाला तेव्हा नटाचं जानवं डाव्याच खांद्यावर होतं. पितरांच्या कामाला ते उजव्यावर हवं. गुरुजींना राहवलं नाही. ते सरळ पुढे झाले आणि जानवं फिरवत म्हणाले, "ऐसे नहीं बेटा, दाहिने कंधे पर." दिग्दर्शकाने ते वाक्यासकट चित्रपटात तसंच ठेवलं.

चित्रपट लागला नेमका पितृपक्षात. गुरुजींना पाणी प्यायची फुरसत नव्हती. "पंधरवडा संपला की जाऊ," ते म्हणाले. तोवर चित्रपट थिएटरातून उतरला होता.

पुढे गुरुजी गेले. घरात त्यांचे फोटो आहेत, आवाज नाही. मंत्र यंत्रात भरायचे नसतात, असं म्हणून त्यांनी कुणाला कधी रेकॉर्डिंग करू दिलं नाही.

तो नट आता मोठा स्टार आहे. त्या प्रसंगाच्या क्लिपा नात ईशानीने आजीला दाखवल्या. फोनच्या उभ्या चौकटीत नटाचाच चेहरा मावतो, गुरुजींचा हात तेवढा दिसतो. वरून गाणं चढवलेलं. अख्खा चित्रपट मात्र नेटवर कुठेच मिळेना.

या हिवाळ्यात नटाच्या वाढदिवसाला शहरात त्या चित्रपटाचा एक खेळ लावला. विद्युल्लताबाईंनी पुढची रांग मागितली.

"आजी, गर्दन दुखेल तुझी."

"दुखू दे. आवाज जवळून येईल."

पडद्यावर घाट आला. गुरुजींचा हात आला, मग चेहरा. ओठ हलले. त्याच क्षणी नट कॅमेऱ्याकडे वळला आणि सगळं थिएटर उठलं. शिट्ट्या, टाळ्या, हर हर महादेव. गलका थांबला तेव्हा पडद्यावर शाळेचा वर्ग होता.

"कुछ सुनाई दिया, आजी?"

"तुला?"

ईशानीने नकारार्थी मान हलवली.

बाहेर पडताना विद्युल्लताबाईंनी दारावरच्या माणसाला विचारलं, "फिर कब लगेगी, भैया?"

"कौन जाने, माताजी. आज भी फैन लोग लगवाए थे."